संत सिल्वेस्टर यांच्या नावावर खपवलेल्या तीन गोष्टी

डिसेंबर संपत आला की एक संदेश हटकून फिरतो: ‘पोप सिल्वेस्टर यांनी सम्राट कॉन्स्टंटाईनचा कुष्ठरोग बरा करून त्याला बाप्तिस्मा दिला. त्याने बदल्यात पश्चिमेचं राज्य लिहून दिलं. मग दोघांनी नायसियाला बसून बायबलमधली पुस्तकं ठरवली.’ ३१ डिसेंबरला या संतांचा सण, म्हणून हा मुहूर्त. वसईत हे नाव लावणारी माणसं आहेत, त्यामुळे गप्प राहवत नाही.

आधी बाप्तिस्मा. सिल्वेस्टर वारले ३३५ साली. कॉन्स्टंटाईनने बाप्तिस्मा घेतला ३३७ मध्ये, मरणाच्या दारात असताना, रोमपासून कितीतरी दूर निकोमिडियाजवळ. तो दिला तिथल्या बिशप युसेबियसने. हा एरियसचा, म्हणजे ‘ख्रिस्त देवपित्याच्या बरोबरीचा नाही’ असं शिकवणाऱ्या धर्मगुरूचा पाठीराखा, आणि एरियसची शिकवण नायसियाच्या बिशपांच्या परिषदेने पाखंड ठरवलेली! सम्राटाचा बाप्तिस्मा अशा माणसाच्या हातून झाला, हे पुढच्या पिढ्यांना पचलं नसावं. कुष्ठरोगाची कथा मागाहून रचली गेली ती त्यातूनच, असं मला वाटतं.

राज्याचं दानपत्र तर सरळ बनावट आहे. ते आठव्या शतकातलं. १४४० मध्ये लोरेन्झो वाल्ला या इटालियन विद्वानाने त्यातली लॅटिन तपासली आणि ही भाषा कॉन्स्टंटाईनच्या काळची नव्हेच, हे शब्दाशब्दाने दाखवलं. हाच वाल्ला पुढे पोपच्या दरबारात नोकरीला होता. म्हणजे ‘चर्चने हे दडपलं’ असं म्हणायलाही जागा उरत नाही.

राहिली नायसिया, ३२५. सिल्वेस्टर तिथे गेलेच नाहीत. त्यांनी व्हिटस आणि व्हिन्सेंशियस हे दोन धर्मगुरू पाठवले. परिषदेत वाद झाला तो एरियसच्या शिकवणीवर आणि ईस्टरच्या तारखेवर. तिच्या २० नियमांत बायबलच्या पुस्तकांची यादी कुठेही नाही. आज नव्या करारात आहेत ती २७ पुस्तकं नेमकी मोजणारं प्रसिद्ध पत्र अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांचं, ३६७ सालचं.

मग सिल्वेस्टर यांच्या पोपपदाच्या २१ वर्षांत घडलं काय? ख्रिस्ती लोकांचा छळ नुकताच थांबला होता. लपतछपत प्रार्थना करणाऱ्या रोमच्या ख्रिस्ती लोकांसाठी लॅटरनला भव्य मंदिर उभं राहिलं, व्हॅटिकन टेकडीवर येशूचा शिष्य पेत्र याच्या कबरीवर बांधकाम सुरू झालं. पैसा सम्राटाचा, माणसं सांभाळायची सिल्वेस्टर यांनी. वारल्यावर त्यांना पुरलं ते सालारिया रस्त्यावरच्या प्रिसिलाच्या दफनभूमीत, जिथे छळाच्या काळातले हुतात्मे आधीपासून विसावले होते.