रंग देशाचा होता, तेव्हाही पैसा होताच

आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या क्रीडा मंडळांत सध्या एक मजकूर मोबाइलवरून फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की, १९६८ पूर्वी शर्यतीच्या मोटारी देशाच्या मानासाठी देशाच्याच रंगात धावत आणि त्यात पैशाचा संबंध नसे. पुढे सिगारेट कंपन्यांनी रंग विकत घेतले आणि खेळ नासला. तेव्हा आपल्या कबड्डी संघांनीही जर्सीवर प्रायोजकाचे नाव घालू नये. यातली एक गोष्ट खरी आहे, बाकीच्या नाहीत.

ब्रिटनचा हिरवा, इटलीचा लाल, फ्रान्सचा निळा ही वाटणी विसाव्या शतकाच्या आरंभीची आहे, पण त्या रंगांखालच्या यंत्रांना तेल आणि टायर कंपन्या पैसा पुरवतच होत्या. फक्त त्यांची नावे गाडीभर झळकत नव्हती. जर्मनीच्या रुपेरी मोटारींची गोष्ट तर याहून गंभीर आहे. १९३० च्या दशकात मर्सिडीज-बेंझ आणि ऑटो युनियन यांना हिटलरच्या सरकारकडून अनुदान मिळत होते आणि त्यांच्या विजयांचा त्या राजवटीने प्रचारासाठी पुरेपूर वापर केला. देशाचा रंग म्हणजे निर्मळ रंग, असे मानणाऱ्यांनी हे विसरू नये.

तो रंग अढळ होता, हेही खरे नाही. १९६४ साली इटलीच्या मोटार संघटनेशी बिनसल्यावर फेरारी संघाचे मालक एन्झो फेरारी यांनी हंगामाच्या शेवटच्या दोन शर्यतींत आपल्या गाड्या अमेरिकी संघाच्या नावाने, पांढऱ्या-निळ्या रंगात उतरवल्या आणि त्याच रंगात जॉन सर्टीस मेक्सिकोत विश्वविजेते झाले.

तंबाखूविषयीचा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. १९६८ मध्ये लोटस या ब्रिटिश संघाने हिरवा रंग सोडून गोल्ड लीफ सिगारेटचा लाल-पांढरा-सोनेरी घेतला, तिथून पुढे कित्येक वर्षे पोरांच्या खोलीतल्या चित्रांवाटे सिगारेटची पाकिटे घरात शिरली. युरोपीय संघाने २००५ मध्ये ही जाहिरात बंद केली, ते योग्यच झाले. परंतु हा दोष तंबाखूचा आहे; तो प्रत्येक प्रायोजकाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

फॉर्म्युला वन मोटार शर्यतींतल्या आपल्या फोर्स इंडिया संघाचेच पाहा. एके काळी केशरी-पांढरा-हिरवा मिरवलेला हा संघ २०१६ मध्ये चौथा आला. २०१७ मध्ये पाणी शुद्ध करणाऱ्या एका ऑस्ट्रियन कंपनीसाठी त्याने गाडी गुलाबी केली आणि तेव्हाही तो चौथाच आला. रंगाने कामगिरी खालावली नाही; पैसा आटल्यावर मात्र २०१८ च्या जुलैत संघ प्रशासकांच्या ताब्यात गेला आणि सुमारे चारशे जणांच्या नोकऱ्या टांगणीला लागल्या.

हे लिहिताना आमच्या मंडळाची जर्सी माझ्यासमोर आहे. तांबड्या मातीने आणि घामाने तिची कॉलर ताठ झाली आहे. छातीवर ग्रामदेवतेचे नाव आहे, पाठीवर आकड्याच्या वर बाजारातल्या हार्डवेअर दुकानाचे. त्या दुकानदाराने जर्सीबरोबर स्पर्धेला जाणाऱ्या टेम्पोचे भाडेही दिले होते. त्याचे नाव पुसायला सांगणाऱ्यांनी ते भाडे यंदा कोण भरणार, हेही त्याच मजकुरात लिहावे.