डीएपी मागा, बाटली मिळवा

उसाच्या लागणीच्या ऐन घाईत डीएपी खताचं एक पोतं मागितलं, की दुकानदार आधी तुमच्या मागं कोण उभं आहे ते बघतो. मग आवाज खाली आणून म्हणतो, "सोबत दोन बाटल्या घ्याव्या लागतील." बाटल्या नॅनो युरियाच्या, म्हणजे पानावर फवारायच्या पातळ खताच्या. परवा हे भाग्य आमच्याही वाट्याला आलं. वाळवा, पलूस, मिरजेकडच्या तमाम ऊसवाल्यांना म्हणून हा मोफत सल्ला. खर्च वाढला म्हणून रडू नका, व्यवस्थापन करा.

सगळ्यात आधी बाटलीवर श्रद्धा बसवा. युरियाचं पोतं 45 किलोचं, त्यात नत्र (नायट्रोजन) 46 टक्के, म्हणजे 20 किलो 700 ग्रॅम. सुरुवातीला आलेल्या 4 टक्क्यांच्या अर्धा लिटर नॅनो युरियात नत्र 20 ग्रॅम. तरी कंपनी म्हणते, एक बाटली म्हणजे एक पोतं! मधला हजारपट फरक श्रद्धेनं भरायचा. आडसालीला, म्हणजे पावसाळ्यात लावलेल्या दीड वर्षाच्या उसाला, शिफारस हेक्टरी 400 किलो नत्राची, म्हणजे एकरी 160. पोत्यांत पावणेआठ, 266 रुपये 50 पैशांनी दोन हजारांच्या आसपास. तेवढंच नत्र त्या 4 टक्क्यांच्या बाटल्यांतून द्यायचं तर 8,000 बाटल्या, 225 रुपयांनी 18 लाख. पानावर फवारलेलं वाया कमी जातं, मान्य. पोत्यातलं दोन तृतीयांश हवेत आणि पाण्यात गेलं धरा, तरी सात किलो उरतंच की! आणि मोठ्या बांधणीनंतर, म्हणजे बुडाला माती चढवल्यावर, डोक्याच्या वर गेलेल्या उसात पाठीवर पंप घेऊन, अंगाला कुसं टोचून घेत शिरणार कोण? बाटली बनवणारा? ड्रोन आणा म्हणे. त्याचं भाडं पुन्हा आपल्याच खिशातून.

दुकानदारावर चिडू नका. त्याला वितरक जोडून देतो, वितरकाला कंपनी. आपण तेवढे शेवटचे, आपल्याला पुढं कुणाच्या गळ्यात मारता येत नाही. उसाच्या मोळीसोबत दोन पेंढ्या वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, घ्यावंच लागेल, असं कारखान्याला एकदा सांगून बघा.

पक्कं बिल मागू नका. खतविक्रीची नोंद करणाऱ्या पॉस मशीनवर अंगठा उठला, भरपूर झालं.

तोडणीला टोळीची खुशाली आणि ड्रायव्हरची एन्ट्री, म्हणजे वरचे पैसे, हसत द्या. नाहीतर रानात उभ्या उसाला आलेला तुरा बघत बसा.

एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, 14 दिवसांत, उशीर झाला तर 15 टक्के व्याज, असं 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय. फ्रेम करून सोप्यात लावा, पाहुण्यांना दाखवायला बरं पडतं.

पुराचीही चिंता नको. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला 40 फुटांवर इशारा आणि 45 वर धोका. तोवर मळीतला, म्हणजे नदीकाठच्या रानातला, ऊस कधीच पाण्यात गेलेला असतो. शेंड्याच्या पोंग्यात गाळ बसला की शेंडा कुजतो, बाजूचे डोळे फुटून पांगशा येतात, साखरेचा उतारा पडतो. त्या पांगशांवर बाटली मारा, म्हणजे तीही संपेल.

आता चेष्टा पुरे. डीएपीसाठी अडता कशाला? त्याच्या 50 किलोच्या पोत्यात स्फुरद (फॉस्फरस) 23 किलो आणि नत्र 9. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन पोत्यांत 24 किलो स्फुरद येतं, वर गंधक आणि कॅल्शियम. नत्रासाठी 20 किलो युरिया. लागणीला सरीत टाकून मातीआड करा, झालं डीएपीचं काम. पोती उचलायला जास्त, एवढंच. आणि युरिया एका दमात फेकून वर पाटपाणी सोडायची ती सवय सोडा! लागणीला 10 टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी 40, बारा ते सोळा आठवड्यांनी 10 आणि मोठ्या बांधणीला 40, दरवेळी मातीआड. उघड्यावर टाकलेला युरिया वास मारत उडून जातो आणि तुम्ही म्हणता खतात भेसळ आहे.

अनुदानाच्या खतासोबत दुसरा माल गळ्यात मारणं बेकायदा आहे, हे केंद्र सरकारनंच कितीदा बजावलंय. तपासणीला येणाऱ्या साहेबांना हे ठाऊक नाही होय? दुकानात चहा पिताना बाटल्यांचे खोके त्यांच्या पायाशीच असतात. पण त्यांना तरी काय बोलायचं! "बाटली सक्तीनं दिली, असं बिलावर लिहून द्या" एवढं एक वाक्य तुमच्या तोंडून निघत नाही. सोसायटीच्या सभेत माईक ओढून घेता, काउंटरपुढं मात्र बाटली मुकाट पिशवीत घालता, आणि निघताना वर म्हणता, "पुढच्या वेळी बघा की जरा, दादा."