लायटरने पेटलं नाही म्हणून पॅनेल विमानात बसत नाही

उलव्याचं विमानतळ सुरू झालं आणि महापे, रबाळे, पावणे, ठाण्याची वागळे इस्टेट इथल्या फायबर-पॅनेलवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागला. त्याचा मजकूर थोडक्यात असा: "विमानातल्या पॅनेलला न जळणारं मटेरियल लागतं, बस. लायटर धरून बघा, पेटलं नाही तर चालतं. व्ही-झीरोचा दाखला असेल तर ६५/६५ पास होणारच. रेझिन फिनॉलिक असलं की वरची फिल्म, गोंद, रंग काहीही बदला. बाकी लॅबचा रिपोर्ट म्हणजे कागदी घोडे. जपानमध्ये अख्खं विमान जळलं, माणसं वाचली, तेवढा पुरावा पुरे."

यातलं ६५/६५ म्हणजे विमानातल्या पॅनेलने आगीत किती उष्णता सोडावी याच्या दोन मर्यादा. त्या खाली उलगडतीलच. आता एकेक मुद्दा घेऊ.

"लायटर धरून बघा"

लायटरची ज्योत नखाएवढ्या जागेला तापवते, भोवतालचं पॅनेल थंडच राहतं. खऱ्या अपघातात बाहेर सांडलेलं इंधन पेटतं आणि फुटलेल्या भागातून त्याची धग केबिनमध्ये शिरते. ती चौरस मीटरच्या चौरस मीटर पृष्ठभाग एकदम भाजून काढते. म्हणून प्रयोगशाळेत साधारण १५० मिमी चौकोनी नमुना सिलिकॉन कार्बाइडच्या चार तापलेल्या कांड्यांसमोर उभा करतात. त्याच्यावर दर चौरस सेंटिमीटरला ३.५ वॅट उष्णता पडत राहते, खाली-वर पायलट ज्योती (सतत पेटत्या ठेवलेल्या छोट्या ज्योती) असतात आणि चाचणी पाच मिनिटं चालते. प्रश्न पेटतं की नाही हा नाहीच. किती उष्णता सोडतं आणि किती लवकर, हे मोजायचं असतं.

ज्योत धरून बघायची अधिकृत चाचणीही आहे. त्यात बुन्सेन बर्नर ६० सेकंद धरतात, जळालेली लांबी सरासरी ६ इंचांच्या आत लागते आणि ज्योत १५ सेकंदांत विझावी लागते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत पॅनेलसाठी मुख्य कसोटी हीच होती. पण अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, एफएएने, अटलांटिक सिटीला सी-१३३ विमानाच्या रिकाम्या सांगाड्यात पूर्ण आकाराच्या आगी लावून पाहिल्या, तेव्हा बुन्सेनला पुरून उरलेली इपॉक्सी-ग्लास पॅनेलंही केबिनचा भडका लवकर उडवतात हे दिसलं. त्यातून १९८६ चा नियम आला. आधी मर्यादा १००/१०० होती, २० ऑगस्ट १९९० नंतर बनणाऱ्या विमानांना ६५/६५ लागू झाली. बुन्सेन रद्द झालेला नाही, दोन्ही पास व्हावं लागतं.

"व्ही-झीरो असेल तर ६५/६५ होणारच"

व्ही-झीरो ही विजेच्या उपकरणांमधल्या प्लास्टिकची प्रतवारी. १३ मिमी रुंद पट्टीला २० मिमीची छोटी ज्योत १० सेकंद, दोन वेळा. बाहेरून धग नाही आणि उष्णता मोजण्याची सोयही नाही. ज्वालारोधक रसायन घातलेलं प्लास्टिक ज्योत काढल्यावर लगेच विझतं, म्हणून त्याला व्ही-झीरो मिळतं. तेच ३.५ वॅटच्या धगीपुढे ठेवलं की विझायला वावच उरत नाही. एका दाखल्यावरून दुसरा गृहीत धरणारा व्यापारी माल खपवतो, पण तो माल नंतर अडकतो.

"६५ च्या खाली राहिलं की झालं"

हे मेसेजमध्ये नाही, पण त्याखालच्या उत्तरांत हमखास असतं. ६५ दोन आहेत. पहिला ६५ हा पाच मिनिटांतला उष्णता सोडण्याचा सर्वोच्च वेग, म्हणजे शिखर, किलोवॅट प्रति चौरस मीटरमध्ये. दुसरा पहिल्या दोन मिनिटांतली एकूण उष्णता, किलोवॅट-मिनिट प्रति चौरस मीटरमध्ये. एखादं पॅनेल सुरुवातीपासून ४० वर संथ जळत राहिलं, तर शिखर मर्यादेच्या खूप खाली, पण दोन मिनिटांची बेरीज ८०. नापास. दोन मिनिटांची सरासरी ३२.५ च्या वर गेली की शिखराचा काही उपयोग नाही. निकाल किमान तीन नमुन्यांच्या सरासरीवर ठरतो.

"फिनॉलिक आहे ना, मग फिल्म-गोंद काहीही चालेल"

सगळ्यात महागात पडणारी समजूत ही. नेहमीचं पॅनेल म्हणजे मध्ये कोअर, म्हणजे अरॅमिड (उष्णता सोसणारा कृत्रिम धागा) कागदाचा मधाच्या पोळ्यासारखा हनीकोंब, दोन्ही बाजूंना फिनॉलिक-ग्लास प्रिप्रेग (आधीच रेझिन मुरवलेलं काचेचं कापड), वर डेकोरेटिव्ह फिल्म आणि ती चिकटवायला गोंद. फिनॉलिक खरोखरच कमी उष्णता सोडतं, जळताना कोळसा धरतं. पण धग आधी लागते ती फिल्मला आणि गोंदाला. पहिल्या दोन मिनिटांचं खातं बहुतेक त्यांच्याच नावावर जमा होतं.

साधा हिशोब बघा. सेंद्रिय गोंदाची ज्वलनउष्णता ग्रॅमला अंदाजे २५ किलोज्यूल धरली आणि कामगाराने रोलरने चौरस मीटरला ५० ग्रॅम गोंद जास्त फासला, तर १,२५० किलोज्यूल वाढले. ६० ने भागलं की जवळजवळ २१ किलोवॅट-मिनिट. सगळा गोंद दोन मिनिटांत जळत नाही हे मान्य, पण अर्धा जळला तरी ५६ वर असलेलं पॅनेल ६६ वर जातं. रेझिन तेच, फिल्म तीच, फरक फक्त हाताचा. म्हणून गोंद लावण्याआधी आणि नंतर शीट वजनकाट्यावर घेणं ही या धंद्यातली सगळ्यात स्वस्त तपासणी आहे, आणि नेमकी तीच टाळली जाते.

जाडी बदलली, छपाईची शाई वाढली, खरचटल्यावर वरून दुसरी फिल्म मारली, की रचना बदलली. जुना रिपोर्ट तिला लागू पडेलच असं धरता येत नाही. एखादा बदल किरकोळ आहे की नाही, हे मंजुरी देणाऱ्याबरोबर आधी ठरवायचं असतं, नापास झाल्यावर नाही.

"लॅबचा रिपोर्ट म्हणजे कागदी घोडे"

या तक्रारीत थोडं तथ्य आहे. उष्णता मोजणारं हे यंत्र नाजूक आहे आणि एकाच पॅनेलचे दोन लॅबमधले आकडे तंतोतंत जुळत नाहीत. पण ते का, हे कळलं की कागदी घोडे म्हणवत नाही.

यंत्र खरं तर बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान मोजतं. आत सेकंदाला ०.०४ घनमीटर हवा जाते, त्यातली बरीचशी ज्वलनकक्षाला वळसा घालून. वर पाच गरम आणि पाच थंड जोडांचं थर्मोपाइल, म्हणजे तापमानातला फरक विजेच्या दाबात दाखवणारी तारांची जुळणी, असतं. ६५ चा वेग म्हणजे त्या छोट्या नमुन्यातून दीड किलोवॅट, म्हणजे हवेत सुमारे ३० अंशांची वाढ. कॉम्प्रेसरचा दाब पडून हवा ५ टक्के कमी आली, तर आकडा जवळपास तेवढाच फुगतो. जोडांवर काजळी साचली की प्रतिसाद मंदावतो आणि शिखर बोथट दिसतं. वरच्या पायलटच्या बारीक ज्योती विझल्या तर न जळलेला धूर तसाच निघून जातो आणि वाईट पॅनेल चांगलं वाटतं.

आपल्या खाडीकाठच्या हवेची गोष्ट वेगळीच. यंत्राचं कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या उष्णतेशी त्याचा आकडा जुळवून गुणक काढणं, मिथेन जाळून करतात. वायू किमान ९९ टक्के शुद्ध हवा, तो सिलिंडरचा. घरगुती पाइप्ड गॅस इथे चालत नाही, कारण त्यात इथेन वगैरे मिसळलेलं असतं. मिथेनचा मिनिटाला एक लिटर प्रवाह म्हणजे या नमुन्याच्या क्षेत्रावर सुमारे २५ किलोवॅट प्रति चौरस मीटर. हा प्रवाह वायू पाण्यातून नेणाऱ्या (वेट) मीटरने मोजला, तर त्यात पाण्याची वाफही मोजली जाते. ३० अंशांना वाफेचा दाब सुमारे ३२ मिमी पारा, म्हणजे ७६० च्या ४ टक्क्यांहून थोडा जास्त. ही दुरुस्ती विसरली की गुणक तेवढाच फुगतो आणि खरं ६३ असलेलं पॅनेल ६५ ओलांडतं. २० अंशांच्या खोलीत हीच चूक २.३ टक्क्यांची.

नमुन्यांचंही तसंच. चाचणीआधी ते किमान २४ तास २१ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत ठेवायचे असतात. जुलैत रबाळ्याच्या शेडमधून थेट आणलेल्या अरॅमिड कोअरने पाणी धरलेलं असतं. ते पाणी आधी उष्णता पितं, आकडा खाली दाखवतं, आणि कधी वाफेने वरचा थर फुगवून पायलटवर टेकवतं. मागची बाजू आणि कडा ॲल्युमिनियम फॉइलने नीट गुंडाळल्या नाहीत तर कोअर बाजूने जळतो आणि आकडा उगाच वर जातो.

"जपानमध्ये विमान जळलं, माणसं वाचली"

२ जानेवारी २०२४, हानेदा. एअरबस ए३५० मधले सगळे ३७९ जण बाहेर पडले, धडकलेल्या तटरक्षक विमानातल्या सहापैकी पाच जण गेले. ए३५० नंतर जळून खाक झालं, म्हणजे 'न जळणारं मटेरियल' हा दावा त्याच घटनेत खोटा पडतो. कमी उष्णता सोडणाऱ्या पॅनेलने मिळतो तो वेळ, आणि तो वापरायला प्रशिक्षित कर्मचारी लागतात.

सगळ्याच भागांना ६५/६५ लागतं का?

नाही. २० किंवा अधिक प्रवाशांच्या विमानात छत आणि भिंतींची पॅनेलं, पार्टिशन, गॅली (विमानातलं स्वयंपाकघर), मोठी कपाटं आणि सामानाचे कप्पे यांना लागतं. खिडक्या आणि दिव्यांच्या काचा वगळल्या आहेत. आसनांच्या गाद्यांची तेलाच्या बर्नरची चाचणी वेगळीच आहे.

नमुने पाठवताना त्याच लॉटमधले तीनहून जास्त कापा आणि कापण्याआधी शीटचं वजन लिहून ठेवा. फॉर्मवर कोअरची जाडी आणि घनता, प्रिप्रेगचे थर, फिल्मचा आणि गोंदाचा नेमका प्रकार, गोंद चौरस मीटरला किती ग्रॅम आणि क्युरिंगचं (रेझिन-गोंद तापवून घट्ट करण्याचं) तापमान-वेळ हे सगळं हवं. मंजुरीसाठीची चाचणी असेल तर नमुना आराखड्याप्रमाणेच बनलाय याची तपासणी चाचणीच्या आधी झालेली असावी लागते. फॉर्मवर नुसतं 'फिनॉलिक पॅनेल, पांढरं' लिहिलं असेल, तर आकडा कितीही चांगला आला तरी तो कुठल्या पॅनेलचा आहे हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.