काकांना आमचं गाणं कसं पाठवू

२०२५ च्या मे महिन्यात, भारत-पाकिस्तान संघर्ष चालू असताना, आमच्या फॅमिली ग्रुपवर युद्धाचा नुसता शिमगा चालला होता, आणि चुलतबहिणीने "अगं पण सीमेलगतच्या गावांचं काय" एवढंच विचारलं तर काकांनी तिला तिथल्या तिथे देशद्रोही करून टाकलं. मी गप्प बसले. यूकेत राहून तुला काय कळतंय, हे ऐकायचं नव्हतं.

आत्ता आठवलं कारण मी इथे यॉर्कशायरमध्ये हौशी कॉयरमध्ये (गायकवृंदात) गाते (आल्टो, म्हणजे मेन चाल सहसा न मिळणारे लोक) आणि नोव्हेंबरसाठी इंग्रज संगीतकार व्हॉन विल्यम्सचं 'दोना नोबिस पाचेम' बसवतोय. लॅटिन आहे, 'आम्हाला शांती दे'. पहिल्यांदा झालं ते इथेच जवळ, हडर्सफील्डच्या टाउन हॉलमध्ये, ऑक्टोबर १९३६ ला. त्यात अमेरिकन कवी व्हिटमनची एक कविता आहे, नगारे-बिगुल दारंखिडक्या फोडून आत घुसतात, चर्चमध्ये, शाळेत, नव्या नवरदेवालाही सोडत नाहीत. ऑर्केस्ट्रा असा काही अंगावर येतो की मला थेट मेमधले चॅनेलवाल्यांचे सायरनच आठवले.

बरं, हा व्हॉन विल्यम्स घरात बसून शांती मागणारा नव्हता. चाळिशी उलटल्यावर पहिल्या महायुद्धात आपणहून भरती झाला, फ्रान्समध्ये अँब्युलन्स पथकात होता. काका त्यालाही भित्रा म्हणणार का?

इंग्रज शहाणे असंही नाही हं. यातच जॉन ब्राइट या ब्रिटिश खासदाराचं १८५५ चं पार्लमेंटमधलं भाषण गायलं जातं, रशियाविरुद्धचं क्रिमियन युद्ध चालू असताना तो म्हणाला मृत्यूचा देवदूत देशभर फिरतोय, त्याच्या पंखांची फडफड जवळजवळ ऐकू येतेय. दोन वर्षांनी मँचेस्टरच्या मतदारांनी त्याला घरी बसवलं. म्हणजे ट्रोलिंग तेव्हाही होतंच. आणि हे गाणं होऊन तीन वर्षांत पुन्हा महायुद्ध.

पण एक गोष्ट मला इथे आवडते. माझ्या शेजारच्या आजी कार्डिगनला सैनिकांच्या आठवणीचं लाल पॉपी लावून येतात आणि तेच लावून "युद्ध आणि त्यातली सगळी कत्तल काळाच्या ओघात पुसली जाणार, हे किती सुंदर" ही ओळ गातात, त्यात त्यांना काहीच विचित्र वाटत नाही. परवा त्या ओळीला गायल्याच नाहीत, नुसतं पान उलटलं, मग मला खोकल्याची गोळी दिली.

काकांना परवा फोनवर सगळं सांगितलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, रेकॉर्डिंग पाठव, पण मला एकट्याला, ग्रुपवर नको.