आजीनेच का शिकायचं?

सकाळपासून तीन ग्रुपवर एकच रील आलंय. एक आजी वहीत एबीसीडी गिरवतायत, कारण अमेरिकेतल्या नातवाशी बोलायचंय. खाली बदामांचा पाऊस, "किती गोड", "शिकायला वय नसतं" वगैरे. मला नाही गोड वाटलं. राग आला, आणि दिवसभर तो गेलाच नाही, म्हणून लेकाला झोपवून आत्ता लिहायला बसलेय. त्या आजींचं कौतुक आहेच, राग त्यांच्यावर नाही. पण आठ-दहा वर्षांच्या पोराचं डोकं कोरं करकरीत असतं, त्याला चार वाक्यं मराठी शिकवायची सोडून म्हाताऱ्या बाईला इंग्रजी शिकायला लावायचं आणि वर टाळ्या वाजवायच्या?

हे इतकं झोंबलं कारण दोन महिन्यांपूर्वी इथे सिंगापूरला माझ्या चिनी नवऱ्याच्या आजीची, म्हणजे आ माची, नव्वदी झाली. कागदावर 89, पण त्यांच्यात बाळ जन्मतं तेच 1 वर्षाचं धरतात, म्हणून 90. आठ मुलं, त्यांच्या सुना-जावई, नातवंडं, पतवंडं, 12 टेबलं, प्रत्येकाभोवती 10 माणसं. हॉलभर लाल, भिंतीवर सोनेरी रंगात मोठ्ठं 'शोउ' अक्षर, म्हणजे दीर्घायुष्य. पांढरं-काळं घालायचं नाही. मिरजेहून आई म्हणाली होती, भिंतीवरचं छानसं घड्याळ देऊया माझ्याकडून, मी फोनवर किंचाळलेच, कारण घड्याळ भेट देणं आणि अंत्यसंस्काराला जाणं हे चिनीत एकसारखंच ऐकू येतं. मग आईने चांदीची वाटी पाठवली.

आधी चहा. आ मा लाल ब्लाउज, हातात हिरवी जेडची बांगडी घालून खुर्चीत बसलेली, समोर उशा, थोरल्या मुलापासून सुरुवात करून जोडी-जोडीने गुडघे टेकायचे, दोन्ही हातांनी कप पुढे करायचा, ती घोट घेणार आणि आंग पाव हातात ठेवणार, लाल पाकीट. मला आमच्या आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन आठवलं, ते औक्षणाला पाटावर असेच बसले होते, कुणाकडे बघावं ते न सुचून. साठी तर त्यांच्यातही मोठी, कारण त्यांचंही वर्षांचं चक्र आपल्या संवत्सरांसारखं 60 चंच आहे.

आणि नाती! आपल्याकडे काका, मामा, आत्या, मावशी प्रत्येकाला वेगळा शब्द, तसंच त्यांचं. त्यात बापाचा मोठा भाऊ आ पेह, धाकटा आ जेक, आत्या आ को, मामा आ कू. लग्न होऊन आले तेव्हा हे सगळं आ माने मला बोटं मोजून शिकवलं आणि मला ते जड गेलं नाही, मी मराठी आहे. हॉलमधली पोरं मात्र सगळ्यांना अंकल-आंटी.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. जेवायला माझा लेक, वय 8, आ माच्या शेजारी. पापलेट आलं, तिओच्यू पद्धतीने वाफवलेलं, आंबट खारवलेले प्लम, टोमॅटो, आलं (मालवणी माणसाने एकदा तरी खाऊन बघावं असं). आ माने त्याच्याकडे बघून काहीतरी विचारलं. तिला फक्त तिओच्यू येते, चीनमधल्या स्वाताव भागातली तिची भाषा. लेकाला ओ की ठो कळलं नाही. तिने मग आ कोला सांगितलं, आ कोने माझ्या नवऱ्याला मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, नवऱ्याने लेकाला इंग्रजीत. "आवडलं का विचारतेय." लेक म्हणाला, यस, नाइस. परत तेच तीन टप्पे करत उत्तर आ मापर्यंत पोचलं. ती एक क्षण त्याच्याकडे बघत राहिली, मग माशाच्या गालाचा तुकडा, जो मानाचा म्हणून तिच्यापुढे ठेवला होता, तो चॉपस्टिकने उचलून त्याच्या वाडग्यात टाकला.

सगळे म्हणाले, ऑऽऽ. फोटो निघाले. तेही गोडच वाटलं सगळ्यांना.

आ मा अशी नव्हती हो. माझ्या बाळंतपणात महिनाभर रोज आल्याचा रस्सा करून आणायची आणि तासनतास बोलायची, मी निम्मं समजून घ्यायचे. आता तासन्‌तास गप्प बसते. बोलणार कुणाशी? 1979 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ली कुआन यू यांनी 'मँडरिन बोला' मोहीम सुरू केली, पुढे रेडिओ-टीव्हीवरून तिओच्यू, होक्कियन, कँटोनीज या बाकीच्या चिनी बोली जवळजवळ गेल्याच. नवरा ह्याच काळात शाळेत गेला. मान्य आहे, तेव्हा एकाच बिल्डिंगमधल्या चिन्यांना एकमेकांचं कळायचं नाही, समान भाषा हवीच होती. 2016 मध्ये टीव्हीवर म्हाताऱ्यांसाठी होक्कियनमध्ये मालिका केली, तेही मान्य. पण मधल्या वर्षांत ज्या बाईची नातवंडं तिच्यासमोर मोठी होऊन परकी झाली, तिला ती वर्षं कोण परत देणार?

आणि मी कुठल्या तोंडाने सरकारला बोलतेय. शाळेत माझ्या लेकाचा 'मदर टंग' विषय मँडरिन आहे. ना त्याच्या आईची भाषा, ना त्याच्या पणजीची! शाळेत मातृभाषा म्हणून मराठी घ्यायची सोयच नाही, हे खरंय. पण घरात मराठी बोलायला मला कुणी बंदी घातली होती? कामावरून थकून आले की इंग्रजी सोपं पडतं म्हणून मी इंग्रजी बोलले. आई व्हिडिओ कॉलवर "जेवलास का रे राजा" विचारते आणि तो माझ्याकडे बघतो. अगदी तसंच, जसं त्याने त्या टेबलावर बापाकडे बघितलं.

आता खरी गोष्ट. शेवटी ओर नी आली, अळकुड्यांची गोड पेस्ट, मग पीचच्या आकाराचे गुलाबी बन, आणि लांब शेवया, ज्या तोडायच्या नसतात. मी आ कोबरोबर उरलेले बन डब्यात भरत होते. ती सहज म्हणाली, पोराचा हात बरा आहे ना? मी म्हटलं कुठला हात? तर आदल्या दिवशी तो सायकलवरून पडला होता, मनगट सुजलेलं, ओरडा बसेल म्हणून फुल बाह्यांचा शर्ट घालून फिरत होता आणि आम्हाला दोघांना पत्ता नाही. आ माला दिसलं. डावा हात टेबलाखाली ठेवून जेवतोय, एवढ्यावरून. तिने विचारलं होतं, "हाताला काय झालं, कुणी मारलं का?" आ कोने नवऱ्याला सांगितलं तेव्हा गलका चालला होता, याम सेंग याम सेंग (आपलं चिअर्स) ओरडत होते सगळे, त्याला अर्धवट ऐकू आलं, त्याने आपलं "आवडलं का" करून टाकलं.

म्हणजे तिने विचारलं, कुणी मारलं का. आणि उत्तर मिळालं, यस, नाइस.

मी बाहेर आले तर ती दारापाशी खुर्चीत, लेकाची बाही वर करून, पर्समधलं तेल चोळत होती त्याच्या मनगटाला. स्वतःशीच काहीतरी बोलत होती. तो मुकाट बसला होता. मी जवळ गेले नाही.

स्पर्शाला भाषा लागत नाही वगैरे कमेंट येतील, माहितीय. लागत नसेल. तिला प्रश्न विचारायचा होता ना पण.

परवापासून लेकाला तिओच्यू शिकवायला आ को शनिवारी येणार आहे, अर्धा तास, नवऱ्यालाही बसवणार आहे शेजारी. पहिला धडा "जिआक बा ब्वे", जेवलास का. आणि रोज रात्री 10 ला, आईकडे साडेसात वाजलेले असतात तेव्हा, आम्ही तिला फोन करतोय. मराठीत. काल तिने विचारलं "काय भाजी होती?" त्याला भेंडी हा शब्द आठवेना. आई थांबली. मीही थांबले, सांगितलं नाही. बराच वेळ गेला, मग म्हणाला, "हिरवी… चिकट."