दीपनगरच्या चिमण्या आणि आमचा मामा

परवा ग्रुपवर एकाने भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्राचा फोटो टाकला, टॉवरातून पांढरेशुभ्र ढग निघताय आणि खाली लिहिलं "भुसावळचं वाटोळं". दुसऱ्याने लगेच "भुसावळचा अभिमान" टाकलं, आणि मग दोघांची जी जुंपली ती रात्री बारापर्यंत. मला हसू आलं, कारण तो धूर नव्हताच ब्वा, पाणी गार करणाऱ्या कूलिंग टॉवरची वाफ होती.

एवढ्या भांडणात कोणी हे नाही विचारलं की खान्देशात कोळशाची एक खाण नाही, मग औष्णिक केंद्र इथे कसं? तर नागपूरकडून येणारी रेल्वे लाइन दारातून जाते, चंद्रपूर-वणी बाजूचा कोळसा तिच्यावरून येतो, आणि पाणी तापीचं, पुढे ४१ दरवाजांचं हतनूर धरण झालं त्याचं. कोळसा लांबून आणता येतो हो, नदी कुठून आणणार?

पहिला संच, म्हणजे वीज बनवणारं बॉयलर-टर्बाइनचं युनिट, १९६८ चा, साठेक मेगावॅटचा. मग १९७९ आणि १९८२ ला २१० चे दोन. त्यानंतर तीस वर्षं काही नाही, आणि मग २०१२ नंतर ५०० चे दोन, आता ६६० चा. पहिला संच कधीच निवृत्त झाला, २१० च्या दोनांतला एक पण गेला. माझा राग आहे तो त्या मधल्या तीस वर्षांवर. एवढ्या काळात घरोघरी फ्रिज आले, कूलर आले, शेतात मोटारी वाढल्या आणि इथे नवा संच नाही. नंतर राज्यभर लोडशेडिंग लागलं तेव्हा आम्ही गच्चीवर गोधडी टाकून झोपायचो, समोर चिमणीचे लाल दिवे लुकलुकताय आणि घरात अंधार. आजी म्हणायची, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिला किती समजावलं की वीज ग्रीडमध्ये जाते, विजेला काय माहीत दीपनगरशेजारचं फेकरी कुठे आणि पुणे कुठे, पण आजीला ते काही पटलं नाही.

मामा तिथेच होता, कोल हँडलिंगला, म्हणजे कोळसा उतरवण्याच्या कामावर. २००५ ला वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या तरी तो आजही "बोर्डात होतो" असंच सांगतो. वॅगन टिपलर बघितलाय का कोणी? भरलेली अख्खी वॅगन पकडून उलटी करतात, आपण सूप झटकतो तशी. पावसाळ्यात ओला कोळसा चिकटून बसायचा, मग हे लोक पहार घेऊन टोचत बसायचे. मामा घरी आला की आधी कानात खोबरेल तेल, मग आंघोळ, तरी उशीवर काळा डाग ठरलेला. आणि हे काम थांबून चालत नाही. ५०० चा एक संच फुल लोडवर दिवसाला सात-आठ हजार टन कोळसा खातो, म्हणजे जवळपास दोन मालगाड्या, रोज, दिवाळी असो की पोळा.

आपल्याकडच्या कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते, म्हणजे त्या दोन गाड्यांतली अर्ध्या गाडीहून जास्त तरी आपण शेकडो किलोमीटरवरून राखच आणतो की. वीज तारेने निघून जाते, राख इथेच राहते. आता सिमेंटला आणि विटांना उचलतात म्हणा, पण वाटोळं-अभिमानवाल्यांनी भांडायचंच असेल तर या राखेवर भांडा, तिचा हिशोब मागा, वाफेच्या फोटोवर काय भांडता.

दुसरं एक. पहिला संच सुरू झाला तेव्हा कामावर असलेली माणसं आता ऐंशीच्या आसपास किंवा पुढे. कोणीतरी मोबाइल घेऊन त्यांच्यासमोर बसा राव. संच ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, की परत लावायला बटण दाबून होत नाही, आधी तेलावर बॉयलर पेटवायचा, हळूहळू तापवायचा, मग कोळसा, गार पडलेला असेल तर तासन् तास जातात, ते यांनी हाताने केलंय.

मागच्या थंडीत मळ्यात भरीत पार्टी होती, वांगी काट्यांवर भाजत होती आणि सगळे गप्पांत. मामा मात्र चिमणीकडे बघत उभा. चिमणीतून काळसर धूर निघत होता. म्हटलं काय झालं मामा?

"तेलावर घेतलाय ब्वा, लाइट-अप करू राह्यले. कोळसा लागायला वेळ आहे. तू कळण्याची भाकरी आण तोवर."