डेटा बाहेर नको, प्रश्न आत पाठवा

महाराष्ट्रात आभा क्रमांकावरचा (सरकारी डिजिटल आरोग्य ओळख क्रमांकावरचा) वाद 'डिजिटल क्रांती' आणि 'आमचे आजार विमा कंपन्यांना विकणार' या दोन आरोळ्यांमध्ये अडकलाय. इंग्लंडमध्ये हे भांडण आधीच होऊन गेलंय. रुग्णांच्या नोंदी एका जागी गोळा करण्याची तिथली 'केअर.डेटा' योजना 2013 मध्ये जाहीर झाली आणि लोकांचा विश्वास उडाल्यावर 2016 मध्ये गुंडाळली गेली. 2021 मध्ये फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदी एका जागी आणण्याचा घाट पुन्हा घातला, तेव्हा दहा लाखांहून जास्त लोकांनी 'माझ्या नोंदी नकोत' असं कळवलं.

ऑक्सफर्डच्या 'ओपनसेफली' या आरोग्य-नोंदींवर संशोधन करण्याच्या यंत्रणेने 2020 मध्ये गाडी उलटी फिरवली. तिथे संशोधकाच्या हातात नोंदी पडतच नाहीत. तो बनावट नोंदींवर कोड लिहितो, कोड सगळ्यांना दिसेल असा ठेवतो, आणि तो चालतो खऱ्या नोंदी जिथे आधीपासून आहेत त्याच सर्व्हरवर. बाहेर येतात फक्त तक्ते, तेही बारीक आकडे झाकून, माणसाने तपासून. नाव खोडून भागत नाही: जन्मतारीख, पिनकोड आणि प्रसूतीचा दिवस एकत्र आले की लहान गावात बाई कोण हे कुणीही ओळखेल.

या पद्धतीने 1 कोटी 70 लाखांहून जास्त प्रौढांच्या नोंदींवर कोविडमृत्यूंचा अभ्यास झाला. दक्षिण आशियाई लोकांना धोका जास्त दिसला. गरिबी, मधुमेह वगैरे हिशेबात धरूनही तो उरला. पण त्याच तक्त्यात सिगारेट ओढणाऱ्यांचा धोका किंचित कमी! फक्त वय आणि लिंग धरलं तर तो जास्त होता. मग फुप्फुसांचे जुनाट आजारही हिशेबात घेतले. ते तर बऱ्याचदा सिगारेटमुळेच होतात, त्यामुळे तिच्या दुष्परिणामाचा एक भाग गणितातूनच वजा झाला. नोंदी कोटींत असल्या तरी अशी चूक आपोआप सुधारत नाही.

आपल्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला अटींसह सूट आहे. म्हणूनच नुसतं 'संमती घेतली का' एवढं विचारून थांबू नये. सर्व्हर कुणाचा, तक्ते कोण तपासणार, कोणी काय शोधलं याची यादी जाहीर होणार का, हेही विचारायला हवं.

आणि मुळात नोंदलं काय जातं? ओपीडीचा केसपेपर रुग्ण घरी नेतो. महात्मा फुले योजनेच्या नोंदी पॅकेज कोडच्या, म्हणजे पैसे कशाचे मागितले त्याच्या. त्यांवरून राज्यातला मधुमेह मोजायला बसलं, तर दुसऱ्या कशासाठी दाखल झालेले मधुमेहीच, तेही कुणी लिहिलं असेल तर, मोजले जातील.